रसायनविरहित

"कोकमाचा डाग असेल गो," माई म्हणाल्या.

लंगोट मी खिडकीपाशी उजेडात धरला होता. पाच महिन्यांच्या मुलाच्या लंगोटाला कोकम कुठून लागणार, हे मी बोलले नाही. डाग चहाच्या रंगाचा होता, कडेला जरा तांबूस. बादलीतून आधीचा लंगोट काढून बघितला. तोही तसाच.

"सकाळी सोलकढी केली ना मी," माई म्हणाल्या. "कोकमाच्या आगळाचा हात तसाच लागला असेल."

मी लंगोट नाकाशी नेला. आगळाचा वास नव्हता.

निहार पाळण्यात जागाच होता, पण गप्प. आदल्या दिवसापासून तो दूध कमी पीत होता. रडतही नव्हता. त्यावर माई म्हणाल्या होत्या, आता कुठे शहाणं झालं हो माझं बाळ. मी त्याच्या डोळ्याची खालची पापणी बोटानं ओढली. आत पांढरं होतं. माझी पापणी आरशात ओढून बघितली, पुन्हा त्याची. त्याचं नख माझ्या नखाशेजारी धरलं.

"माई, रिक्षा बोलवा."

"ताप आहे?"

"नाही."

"मग?"

"मला त्याच्याकडे बघून बरं वाटत नाहीये."

एरवी माई काहीतरी बोलल्या असत्या. मी बाटली वीस मिनिटं उकळायचे, दूध पाजल्याची वेळ वहीत लिहायचे. काजळ नको, टाल्कम पावडर नको, ओव्याची धुरी नको, मध चाटवणं तर नकोच. "तुझ्या राज्यात आम्ही भाडेकरू गो बाई," असं म्हणून माई सगळं ऐकायच्या. त्या दिवशी मात्र त्यांनी लगेच पदर खोचला आणि पिशवी भरायला घेतली. ट्रंक उघडली. धुतलेली दोन दुपटी, झबलं, टोपरं काढलं. एक दुपटं त्यांनी झटकलं आणि निहारला त्यात गुंडाळून माझ्या हातात दिलं.

हे सगळं मी बघत होते. माझं लक्ष नव्हतं, असं मला कधीच म्हणता आलं नाही.

ही गोष्ट अकरा वर्षांपूर्वीची, चिपळूणची. गणपतीला आठ दिवस होते. मंगेश, माझा नवरा, तेव्हा मस्कतला होता. घरात मी, माई आणि निहार. माई म्हणजे माझ्या सासूबाई. मी मूळची कऱ्हाडची, रसायनशास्त्रात बी.एस्सी. लग्नानंतर तीन वर्षं मी एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत काम केलं. घरी आल्यावर हाताला, केसांना द्रावणांचा वास यायचा. दिवस राहिले तेव्हा नोकरी सोडली आणि ठरवलं, आता घरात बाजारातलं रसायन येऊ द्यायचं नाही.

मग मी घरीच एकेक करत गेले. भांड्यांसाठी रिठ्याचं पाणी. फरशीसाठी लिंबाच्या साली आणि गूळ बरणीत तीन महिने मुरवून केलेलं पाणी. त्या बरणीचं झाकण रोज जरा सैल करून हवा सोडावी लागते; ते काम माईंनी अंगावर घेतलं होतं. "ढेकर दिला हो बरणीनं," असं त्या स्वयंपाकघरातून ओरडून सांगायच्या. मग उटणं. आणि कपाटात ठेवायच्या सुगंधी पुरचुंड्या. वाळा, नागरमोथा, गवला, कपूरकाचरी, सगळं वाळवून, जाडसर कुटून, मलमलच्या तुकड्यात बांधायचं. आमच्याकडे पावसाळ्यात कपाटं अशी कुबट होतात की धुतलेली साडीही महिन्यात गोणपाटासारखी वास मारते. पुरचुंड्यांना आळीतल्या बायकांकडून मागणी येऊ लागली.

प्रत्येक वस्तूला चिठ्ठी असायची. चिठ्ठ्या माई लिहायच्या. शिक्षण सातवीपर्यंत, पण अक्षर मोत्यासारखं. हिरव्या शाईनं, वर नाव, खाली एक शब्द: रसायनविरहित.

"बी.एस्सी. केमिस्ट्री, आणि डबीवर लिहितेस रसायनविरहित!" मंगेश फोनवर हसायचा. "तुझ्या सरांनी वाचलं तर डिग्री परत मागतील."

"तू नको चेष्टा करू रे," माई मागून म्हणायच्या. "मी किती वळणदार लिहिते बघ येऊन."

शेजारच्या राणेबाई आमच्या पहिल्या गिऱ्हाईक. महिला मंडळाच्याही त्या अध्यक्ष. गणपतीआधी मंडळाचं प्रदर्शन असायचं. त्यासाठी त्यांनी साठ पुरचुंड्या सांगितल्या आणि सांगता सांगता टोमणाही मारला, "वृषाली, तुझी पुरचुंडी ठेवली की कपाट उघडल्यावर देव्हाऱ्यासमोर उभं राहिल्यासारखं वाटतं बघ. पण कसर काही देवभोळी नाही गं! माझ्या पैठणीच्या काठाला भोक पाडलंय. प्रदर्शनात हे बायकांनी विचारलं तर मी काय सांगू?"

"काहीतरी करते," मी म्हटलं होतं.

डॉक्टर जोगळेकरांचा दवाखाना बाजारात होता. खाली तपासणी, वर आठ खाटा. साठीचे असतील तेव्हा. हळू बोलायचे, फार हळू, आणि बोलताना मुलाचा पाय हातात धरून ठेवायचे. त्यांनी निहारची टाच टोचली. रक्ताचा थेंब काचेवर घेतला. थेंब पातळ होता. मी प्रयोगशाळेत काम केलेली बाई. मला ते दिसलं आणि दिसायला नको होतं असं वाटलं.

अर्ध्या तासानं ते कागद घेऊन आले.

"हिमोग्लोबिन चार पॉइंट आठ आहे."

"म्हणजे?" माईंनी विचारलं.

"कमी आहे. खूप कमी. परवापर्यंत खेळत होता म्हणता, म्हणजे दोन-तीन दिवसांतच उतरलंय. रक्त कुठे वाहिलेलं नाही. आतच फुटतंय, लघवीला रंग त्याचाच." ते माझ्याकडे वळले. "जन्मल्यावर कावीळ झाली होती ना याला?"

"हो. चार दिवस दिव्याखाली होता."

"तुमच्या माहेरी कुणाला असं काही? आईच्या बाजूनं?"

मला आठवलं. "आईचा एक भाऊ तान्हेपणी पिवळा पडून गेला, असं ऐकलंय. का गेला ते कुणाला कळलं नव्हतं."

डॉक्टरांनी मान हलवली, जणू त्यांना तेच ऐकायचं होतं. मग एकेक विचारत गेले. औषध दिलं? नाही. वावडिंग, घुटी? नाही. मेंदी लावली? नाही. मी प्रत्येकाला नाही म्हणत होते आणि प्रत्येक नाहीबरोबर मला जरा जरा हायसं वाटत होतं. परीक्षेत नेमके आपल्याला येत असलेलेच प्रश्न विचारले जावेत तसं.

"घरात डांबरगोळ्या वापरता?"

मी तोंड उघडायच्या आधी माई बोलल्या.

"छे हो डॉक्टर! डांबरगोळी? ती ही घरात येऊच देत नाही. बाळाच्या ट्रंकेत मी आधी दोन टाकल्या होत्या तर केवढी रागावली माझ्यावर! सगळे कपडे काढून तीनदा धुतले. तेव्हापासून नाव नाही. आता बाळाच्या कपड्यांत हिच्याच पुरचुंड्या असतात. सगळं झाडपाल्याचं, हातानं कुटलेलं."

"असतात?" मी म्हटलं.

"म्हणजे काय? या पावसात दुपट्यांना कसला वास येत होता. तुझ्या प्रदर्शनाच्या टोपलीतल्या दोन घेतल्या मी. झाले आठ दिवस. म्हटलं, सगळ्या गावाला आणि आपल्या बाळाला नको?"

डॉक्टर लिहीत होते. "तेल लावता का अंगाला?"

"रोज. खोबरेल. चांगलं जिरवते मी," माई म्हणाल्या.

दुसऱ्या वर्षाच्या तोंडी परीक्षेत आमच्या सरांनी मला विचारलं होतं: नॅप्थलीन पाण्यात विरघळतं का? नाही सर. कशात विरघळतं? तेलात, सर. उघडं ठेवलं तर काय होतं? संप्लवन, सर, द्रव न होता थेट वायू होतो. शाब्बास.

राणेबाई बोलून गेल्या त्याच्या दुसऱ्या दिवशी, माई देवळात गेल्या असताना, मी बाजारातून डांबरगोळ्यांचं पाकीट आणलं होतं. खलबत्त्यात कुटल्या. एकेका पुरचुंडीत चमचाभर पूड. वर वाळ्याचं अत्तर आणि लवंगेचं तेल, म्हणजे वास कळणार नाही. निहारला तेवढा वेळ मी पुढच्या खोलीत ठेवला होता. दार लावलं होतं. नंतर हात साबणानं तीनदा धुतले, खलबत्ता उकळला, रिकामं पाकीट गल्लीच्या टोकाच्या कचरापेटीत नेऊन टाकलं. इतकी काळजी घेतली. साठ पुरचुंड्या टोपलीत रचल्या, आणि माई देवळातून आल्यावर त्यांना चिठ्ठ्या लिहायला बसवलं.

मी निहारच्या अंगावरचं दुपटं ओढून काढलं. झबलं काढलं. टोपरं.

"अगो काय करतेस? गारठेल तो!"

"त्यात आहे," मी म्हटलं.

डॉक्टरांनी वर बघितलं. "काय?"

"नॅप्थलीन. डांबरगोळीची पूड. पुरचुंडीत. मीच घातलंय. चमचा चमचा."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी फक्त घंटी वाजवली आणि आलेल्या सिस्टरला सांगितलं, "याला कोमट पाण्यानं आंघोळ घाला, साबण लावून, दोनदा. अंगावरचं तेल सगळं निघालं पाहिजे. हे कपडे बाहेर न्या." मग माझ्याकडे बघून म्हणाले, "बोललात ते बरं केलंत. काही मुलांचं रक्त त्यानंच फुटतं, आईकडून आलेला जन्मजात दोष असतो. रक्त लागेल. आत्ता लगेच."

माई उभ्याच होत्या. रिकामं दुपटं त्यांच्या हातात होतं. त्यांनी ते नाकाशी नेलं आणि दीर्घ श्वास घेतला. वाळा, लवंग. दुसरं काही त्यांना कळलं नसावं. त्यांनी पुन्हा एकदा वास घेतला.

"पण मी तर माझ्या हातानं लिहिलं होतं गो," त्या म्हणाल्या.

निरोप मिळताच आलेले राणेबाईंचे यजमान रक्ताची पिशवी आणायला गेले. ती येईपर्यंत दोन तास गेले. त्या दोन तासांत मला करण्यासारखं काही नव्हतं. निहारची शीर सापडत नव्हती. सिस्टरनी एका हाताला बघितलं, दुसऱ्या हाताला, मग पायाला, मग डोक्यावरचे केस थोडे भादरून तिथे. मला बाहेर बसवलं होतं. दाराच्या फटीतून त्याची एक टाच दिसत होती. दर वेळी सुई टोचली की ती टाच वर यायची. त्याचा आवाज मात्र जेमतेम येत होता, आणि तो जोरात रडावा म्हणून मी हात जोडून बसले होते.

माई मध्येच उठून गेल्या. कुठे जाते ते सांगितलं नाही. परत आल्या तेव्हा बाजारातून चार नवी सुती झबली आणली होती. दुकानदारासमोर त्यांनी प्रत्येक झबल्याचा वास घेऊन बघितला होता, असं नंतर राणेबाईंनी सांगितलं. दुकानदार म्हणाला म्हणे, आजी, कपडा आहे, आंबा नाही.

घरीही जाऊन आल्या होत्या. ट्रंक अंगणात काढून ठेवली होती. टोपलीतल्या पुरचुंड्या मोजून बघितल्या, ट्रंकेतल्या दोन धरून साठ भरल्या. एकही बाहेर गेलेली नव्हती. सगळ्या एका डब्यात घट्ट बंद केल्या होत्या. चिठ्ठ्या मात्र त्यांनी कात्रीनं एकेक कापून घेतल्या होत्या. हे मला कळलं कारण बाकावर माझ्याशेजारी बसताना त्यांच्या मुठीतून एक चिठ्ठी खाली पडली. हिरवी शाई. त्यांनी ती उचलून परत मुठीत धरली.

रक्त लागलं तेव्हा आम्हाला आत घेतलं. निहार डोळे मिटून होता. डोक्यावर पट्टी, त्यातून नळी. त्याला उचलायचं नाही, असं सांगितलं होतं. मी खाटेपाशी बसून नळीतले थेंब बघत राहिले.

तेवढ्यात मंगेशचा फोन आला. जेवणाच्या सुट्टीतला. सकाळी मी त्याला एवढंच कळवलं होतं की बाळाला दवाखान्यात नेतेय.

"कसा आहे तो? वृषाली? बोल ना. कशानं झालं?"

तिकडे भांड्यांचा, माणसांचा आवाज येत होता. तो खानावळीतच उभा असणार. मी म्हटलं, "रक्त कमी झालंय. आत्ता देताहेत."

"पण कशानं?"

एकच शब्द सांगायचा होता. डॉक्टरांसमोर तो सहज बाहेर पडला होता. तिथे बोलले नसते तर बाळ गेलं असतं. इथे न बोलल्यानं कुणाचा जीव जाणार नव्हता. हा फरक मला त्या क्षणी कळला, आणि मी पुन्हा नळीकडे वळले.

माईंनी माझ्या हातातून फोन काढून घेतला.

"मंग्या, माझी चूक झाली रे. जुन्या गोधडीत डांबरगोळ्या राहून गेल्या होत्या. तीच मी बाळाला पांघरली. काही पोरांना सोसत नाही म्हणतात डॉक्टर."

त्याचा आवाज इतका चढला की फोन कानाला न लावताही मला ऐकू आला.

"माई, हिनं तुला किती वेळा सांगितलं होतं! किती वेळा! ती बिचारी सगळं जपते आणि तू..."

"हो रे."

"यापुढे त्याच्या वस्तूंना हात लावू नकोस. कळलं का? काहीही झालं तरी ट्रंक उघडायची नाहीस तू."

"नाही उघडत."

मी वीतभर अंतरावर बसले होते. हात लांब केला असता तर फोन माझ्या हातात आला असता. मी थेंब मोजत होते. म्हटलं, शंभर झाले की सांगते. शंभर झाले. माईंनी फोन बंद करून माझ्या मांडीवर ठेवला.

"माई, तुम्ही असं का..."

"तुला त्याला पाजायचंय," त्या म्हणाल्या. "तू हाय खाल्लीस तर दूध आटेल. आणि तो तिकडे एकटा आहे. माझ्यावर चार दिवस रागावेल आणि विसरेल. आईवर कोण किती दिवस रागावतं? तुझ्यावर रागावला तर..." त्यांनी पदरानं निहारच्या पायावरची माशी हाकलली. मग एकदम हात मागे घेतला आणि माझ्याकडे बघितलं. "लावू ना हात?"

तिसऱ्या दिवशी लंगोट स्वच्छ निघाला. मी तो खिडकीपाशी धरून उभी राहिले तर मागून डॉक्टर जोगळेकर म्हणाले, "आता रंगांची परीक्षा पुरे. घरी जा. गणपतीला मोदक करा." त्यांनी एका कागदावर यादी लिहून दिली, निहारला जन्मभर काय काय चालणार नाही त्याची. डांबरगोळी पहिली. ती यादी अजून फ्रिजवर आहे.

मंगेशला खरं सांगायचं, असं मी तेव्हा ठरवलं होतं. तो सुट्टीवर आला की. तो आला तेव्हा बाळाच्या जावळाची गडबड होती. मग तो कायमचा परत आला, त्यानं एसी दुरुस्तीचं दुकान टाकलं, ते चालायला लागेपर्यंत थांबायचं ठरवलं. मग निहारची शाळा. माई दर वेळी विचारायच्या, "शर्ट घडी करू का याचा?" "टॉवेल घेऊ का?" मी म्हणायचे, "माई, विचारता काय!" त्या तरी विचारायच्या. पुरचुंड्या मी पुन्हा केल्या नाहीत. रिठ्याचं पाणी अजून करते, घरापुरतं. चिठ्ठी लावत नाही.

परवाच्या गणपतीत मंगेशच्या चुलतभावाची बायको, पूर्वा, तिच्या दोन महिन्यांच्या मुलीला घेऊन आली होती. जेवणं चालली होती. मुलगी झोपली तेव्हा पूर्वा म्हणाली, "माई, एखादी मऊ गोधडी आहे का हो अंथरायला?"

"माईला नको हं विचारू!" मंगेश मोठ्यानं म्हणाला. "ती ट्रंकेतून काय काढेल सांगता येत नाही. आमच्या साहेबांना तिनं जवळजवळ वर पोचवलं होतं."

सगळे हसले. निहारही हसला, ही गोष्ट त्याची आवडती आहे. "आजीची किलर गोधडी," असं तो मित्रांना सांगतो. माईही हसल्या. आता त्यांचे पुढचे दोन दात नाहीत, हसताना त्या तोंडावर पदर धरतात.

मी वाढता वाढता थांबले. हातातली पळी ताटलीत ठेवली.

"मंगेश," मी म्हटलं, "ती गोधडी..."

माझा आवाज वेगळा आला असावा. मंगेशनं घास तसाच धरून माझ्याकडे बघितलं. निहारनंही.

"वृषाली," माई पंगतीच्या टोकाकडून म्हणाल्या, "भात बघ गो. लागेल खाली."

भात मी मघाशीच उतरवला होता. माईंनीच त्यावर झाकण ठेवलं होतं.

मी भात बघायला आत गेले.